‘लग्न झालंय का?’ इथेच थांबलेली तपासणी

पत्र, थोडक्यात

लिहिणारी २४ वर्षांची आहे. घर निफाड तालुक्यात, द्राक्षबागेचं. तीन वर्षांपासून ती नाशिकला आहे. अंबडच्या एका कंपनीत नोकरी आणि कॉलेज रोडच्या मागे तिघींत मिळून घेतलेली खोली. कॉलेजपासूनचा मित्र पुण्याला गेला, वर्षभर येणंजाणं राहिलं, मग दोघांनी थांबायचं ठरवलं. शेवटची भेट होऊन आता तीन महिने होऊन गेले. तीन आठवड्यांपूर्वी त्याचा फोन आला. लघवीला जळजळ होते म्हणून तो डॉक्टरांकडे गेला होता, तपासणीत क्लॅमिडिया, म्हणजे संबंधांतून पसरणारी जिवाणूची लागण, निघाला. ‘तूही तपासून घे’ म्हणाला आणि फोन ठेवला.

हिला कसलाच त्रास नाही. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून ती नाशिक रोडला एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेली. ‘लग्न झालंय का?’ ‘नाही.’ पुढचं बोलायचं राहूनच गेलं. अंगावरून पांढरं जाण्याच्या गोळ्या घेऊन ती परतली. मग एका लॅबमध्ये गेली. काउंटरवरच्या मुलाने मोठ्या आवाजात तपासणीचं नाव विचारलं, मागे रांग होती, आणि ती ‘नंतर येते’ म्हणून निघून आली. शेवटी खोलीतल्या मैत्रिणीने मेडिकलमधून अॅझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाची तीन गोळ्यांची पट्टी आणून दिली. पट्टी अजून पर्समध्येच आहे. इकडे घरी स्थळं पाहायला सुरुवात झालीय.

ती विचारते : ‘मला काहीच होत नाही, मग तपासणी खरंच हवी का? नाव फुटणार नाही अशी जागा नाशिकमध्ये कुठे आहे? निघालं, तर त्याने मला फसवलं असं समजायचं का? आणि ज्याच्याशी लग्न होईल त्याला मी फसवणारी ठरेन का?’

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तीन आठवड्यांत तू दोन दारं वाजवलीस आणि दोन्हीकडून तपासणीविना परत आलीस. ज्या एका प्रश्नासाठी निघाली होतीस, तुला क्लॅमिडिया आहे की नाही, त्याचं उत्तर अजून कुणीच दिलेलं नाही. आधी तेवढं मिळवू. विश्वास, स्थळ, लग्न हे सगळं त्याच्या मागे रांगेत उभं राहू दे.

मी डॉक्टर नाही. काही वर्षं एका सरकारी रुग्णालयात समुपदेशक म्हणून बसले आहे आणि तुझ्या वयाच्या पुष्कळ मुलामुलींशी याच विषयावर बोलले आहे. औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच. पण त्या दारापर्यंत कसं जायचं आणि आत गेल्यावर काय बोलायचं, याबद्दल मी सांगू शकते.

सुरुवात त्या प्रश्नापासून करते. आपल्याकडे दवाखान्यात विचारला जाणारा ‘लग्न झालंय का?’ हा प्रश्न बहुतेक वेळा लग्नाबद्दल नसतोच. ‘शरीरसंबंध आलेत का?’ हे तोंडावर विचारायला अवघड वाटतं, म्हणून ते असं वळसा घालून विचारलं जातं. विचारणाऱ्याला हा वळसा माहीत असतो, उत्तर देणाऱ्या मुलीला तो माहीत असतोच असं नाही. तू अगदी खरं उत्तर दिलंस. बाईंनी ऐकलं ते मात्र ‘संबंध आलेले नाहीत’ असं. पुढचं सगळं त्या एका ‘नाही’वर बेतलं गेलं.

मी त्या बाईंना दोष देऊन मोकळी होऊ शकत नाही, कारण मीही हेच केलंय. सुरुवातीची दोन वर्षं मी कागदावरचा ‘विवाहित की अविवाहित’ हा रकाना भरायची आणि ‘अविवाहित’वर खूण झाली की पुढचे चार प्रश्न सोडून द्यायची. एकदा एका मुलीने मला शांतपणे विचारलं, ‘मॅडम, लग्न नसेल तर हा आजार होत नाही का?’ त्या दिवशी मला फार लाज वाटली. त्यानंतर ‘संबंध’ हा शब्द मी स्पष्ट उच्चारायला लागले. पण सगळीकडे तो उच्चारला जाईल याची वाट बघत तू थांबू नकोस. पुढच्या वेळी हा प्रश्न आला की तूच सांग : ‘लग्न झालेलं नाही, पण संबंध आलेले आहेत. ज्याच्याशी आले त्याला क्लॅमिडिया निघालाय. मला त्याची पीसीआर तपासणी करायची आहे.’ इतकंच. तोंडातून शब्द फुटणार नाहीत असं वाटलं तर मोबाइलमध्ये लिहून ठेव आणि स्क्रीन पुढे कर. लिहून दाखवण्यात काही गैर नाही. माझ्यासमोर किती जणांनी चिठ्ठी सरकवलीय, आणि त्या चिठ्ठीमुळे काम पाच मिनिटांत झालंय.

आता ‘मला काहीच होत नाही’ याबद्दल. या वाक्यावर तुझं सगळं पत्र उभं आहे, आणि क्लॅमिडियाच्या बाबतीत नेमकं हेच वाक्य फसवं आहे. लागण झालेल्या बायकांपैकी दहातल्या सात-आठ जणींना काहीही जाणवत नाही. पुरुषांतही साधारण निम्म्यांना लक्षण नसतं. तुझ्या मित्राला जळजळ झाली म्हणून त्याला कळलं, नाहीतर त्यालाही कळलं नसतं. हा जिवाणू गर्भाशयाच्या तोंडाशी महिनोन् महिने गप्प बसून राहू शकतो आणि काही जणींमध्ये वर गर्भाशयात, बीजवाहिन्यांपर्यंत सरकतो. तिथे सूज येऊन व्रण राहिले तर पुढे ओटीपोटात दुखणं, गर्भ नळीतच राहणं, दिवस जायला अडचण येणं अशा गोष्टी होऊ शकतात. घाबरू नकोस. लागण झालेल्या बहुसंख्य बायकांना पुढे मूल होण्यात अडचण येत नाही. धोका वाढतो तो उपचाराविना गेलेल्या काळाने आणि पुन्हा पुन्हा लागण होण्याने. म्हणजे जे तुझ्या हातात आहे त्यानेच फरक पडतो, आणि त्यासाठी आधी कळायला हवं.

पांढरं जाण्याच्या गोळ्यांचा इथे काही उपयोग नाही, तेही सांगून टाकते. त्या बहुधा बुरशीसाठी किंवा वेगळ्या जंतूंसाठी असतात.

एक जुनी गोष्ट सांगाविशी वाटते. घरी आजी असेल तर तिला ‘खुपऱ्या’ विचार. डोळ्यांच्या पापण्यांच्या आत येणारं ते खरखरीत दुखणं, ज्याने आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या माणसांची दृष्टी गेली. त्या खुपऱ्यांचा जिवाणू आणि तुझ्या मित्राच्या रिपोर्टमधला जिवाणू एकाच जातीचे आहेत, फक्त प्रकार वेगळे. खुपऱ्यांबद्दल आपण चारचौघांत बोललो, शाळाशाळांतून डोळे तपासले, मलम घातलं, आणि २०२४च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं की भारतात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून हा आजार आता उरलेला नाही. डोळ्यात झाला तेव्हा त्याला आपण आजार म्हटलं. खाली झाला की तो ‘गुप्तरोग’ होतो आणि माणसाच्या चारित्र्याला चिकटतो. तुझ्या चारही प्रश्नांच्या तळाशी मला हीच भीती दिसते. जणू रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ आलं तर तो तुझ्या वागण्याचा दाखला असेल. पण त्या कागदावर एका जिवाणूचं नाव आणि तो सापडला की नाही, एवढंच असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात जगभरात १५ ते ४९ वयाच्या जवळपास १३ कोटी लोकांना नव्याने ही लागण झाली. इतक्या लोकांच्या चारित्र्याचा निकाल एक जिवाणू लावू शकत नाही.

कोणती तपासणी, हे नीट ऐक, कारण इथे पैसे वाया जातात. लॅबच्या पॅकेजांमध्ये ‘क्लॅमिडिया आयजीजी, आयजीएम’ अशी रक्ताची तपासणी दिसते. ती शरीराने केलेल्या प्रतिकाराच्या खुणा शोधते. आत्ता तिथे जिवाणू आहे का, हे तिच्यावरून खात्रीने सांगता येत नाही. जुनी, केव्हाच बरी झालेली लागणही तिच्यात दिसू शकते आणि ताजी निसटूही शकते. तुला हवी ती पीसीआर किंवा नॅट नावाची तपासणी, जी जिवाणूचा जनुकीय अंश शोधते. नमुना लघवीचा किंवा योनीमार्गाच्या स्वॅबचा. बायकांमध्ये स्वॅब थोडा जास्त भरवशाचा आणि तो स्वतःचा स्वतः, पडद्याआड उभं राहून घेता येतो. कापसाची बारीक काडी आत थोडी फिरवायची आणि नळीत टाकायची. टेबलावर झोपून उपकरण घालायची गरज नाही. तेही नको वाटलं तर लघवी दे. पण एक लक्षात ठेव. नेहमीच्या लघवी तपासणीला ‘पहिली सोडून मधली धार घ्या’ असं सांगतात आणि सवयीने लॅबवाले इथेही तेच सांगतात. क्लॅमिडियासाठी उलट आहे. पहिलीच धार हवी, साधारण २० ते ३० मिली, आणि त्याआधी निदान एक तास लघवीला गेलेलं नसावं. मधली धार दिली तर जिवाणू आधीच वाहून गेलेला असतो आणि रिपोर्ट खोटा दिलासा देऊ शकतो.

कंपनीच्या वार्षिक तपासणीत सगळं नॉर्मल आलं होतं असं तू ओझरतं लिहिलं आहेस. त्यातल्या रक्त, साखर, एक्स-रे यांमध्ये क्लॅमिडिया दिसत नाही. एचआयव्हीच्या तपासणीत दिसत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी करतात त्या पॅप तपासणीतही त्याचं निदान होत नाही. तो नाव घेऊन शोधावा लागतो.

काही देशांत हे नाव तरुणांना स्वतः घ्यावं लागत नाही. इंग्लंडमध्ये २००३ पासून पंचविशीच्या आतल्यांसाठी क्लॅमिडिया तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. फॅमिली डॉक्टर, औषधाचं दुकान, लैंगिक आरोग्याचं केंद्र, शिवाय घरपोच येणारा आणि टपालाने परत पाठवायचा संच, अशा वेगवेगळ्या दारांतून तरुणांपर्यंत तपासणी नेली गेली. मुलगी खोकल्यासाठी आलेली असली तरी ‘ही तपासणीही करून घेणार का?’ असं तिला विचारायचं, अशी ती पद्धत. २०२१ मध्ये त्यांनी कार्यक्रमाचा रोख तरुण स्त्रियांकडे वळवला, कारण उपचार न झालेल्या लागणीचं जास्त नुकसान त्यांना सोसावं लागतं. अमेरिकेतही संबंध येत असलेल्या पंचविशीच्या आतल्या स्त्रियांनी दरवर्षी तपासावं असा सल्ला आहे. आपल्याकडे असं आपणहून कुणी विचारत नाही. म्हणून कोणत्या दारात काय मिळतं, हे तुला आधी माहीत असायला हवं.

सरकारी दारापासून सांगते. त्र्यंबक नाक्याजवळचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, तुला ‘सगळे बघतील’ असं वाटतं म्हणून तू टाळलंस. जिल्हा रुग्णालयांमध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाखाली लैंगिक आजारांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतात. तिथे समुपदेशक असतो, औषधं मोफत असतात आणि शेजारीच आयसीटीसीमध्ये, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, एचआयव्हीची मोफत तपासणी होते. गर्दीत कुणी कुणाकडे बघत नाही, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. कॉलेज रोडच्या चकचकीत दवाखान्यात सहा जण बसलेले असतात आणि सहाही जण एकमेकांना न्याहाळत असतात. सिव्हिलच्या रांगेत तू शंभरातली एक असतेस.

पण सुरक्षा क्लिनिकची एक मर्यादा तुला माहीत हवी. तिथली उपचारपद्धत मुख्यतः लक्षणांवर चालते. स्राव, जखम, ओटीपोटात दुखणं अशा तक्रारीप्रमाणे ठरलेल्या औषधांचं रंगीत किट दिलं जातं. दूरदूरच्या गावांतून आलेल्या माणसाला रिपोर्टची वाट बघायला न लावता त्याच दिवशी औषध मिळावं, यासाठी ती पद्धत आली आणि तिने पुष्कळांचं भलं केलं. मात्र जिला लक्षणच नाही ती त्या जाळ्यातून निसटते. तू ‘मला काही त्रास नाही’ म्हणालीस तर तिथूनही बहुधा परत येशील. ‘माझ्या जोडीदाराला क्लॅमिडिया निघालाय’ म्हणालीस तर चित्र बदलतं, कारण रुग्णाच्या जोडीदारावर उपचार हा त्याच कार्यक्रमाचा भाग आहे. म्हणून तुझ्या मित्राकडून त्याच्या रिपोर्टचा फोटो मागवून घे. वरचं नाव त्याने झाकलं तरी चालेल. सोबत गोनोरिया, म्हणजे परमा हा दुसरा लैंगिक आजारही, निघाला आहे का, हेही त्यावरून कळेल.

खासगीत जायचं असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांइतकेच त्वचारोगतज्ज्ञही या कामाचे आहेत. त्यांच्या पाटीवर ‘त्वचा व गुप्तरोग तज्ज्ञ’ असं लिहिलेलं असतं आणि एमडी किंवा डीव्हीडी अशी पदवी असते. पाटी वाचून संकोचू नकोस. मुरुमं आणि केस गळण्यासाठी आलेल्यांच्या रांगेतच तूही बसलेली असशील. भिंतींवर, खांबांवर ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’ अशा जाहिराती असतात, त्या नंबरांवर मात्र फोन करू नकोस. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कित्येक जण तिथे हजारो रुपये आणि सहा-आठ महिने घालवून यायचे.

लॅबमध्ये तू काउंटरवरून परत फिरलीस ते स्वाभाविक होतं. त्या मुलाने आवाज चढवायला नको होता. पुढच्या वेळी आधी फोन कर आणि तीन गोष्टी विचार : क्लॅमिडियाची पीसीआर होते का, नमुना लघवीचा चालेल का, किंमत किती. बऱ्याचदा नमुना मुंबई-पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेत जातो आणि रिपोर्टला काही दिवस लागतात. डॉक्टरांची चिठ्ठी नेलीस तर काउंटरवर बोलावंच लागत नाही, कागद पुढे करायचा. घरी येऊन नमुना नेण्याची सोय खोलीवर नको असेल तर ऑफिसच्या पत्त्यावरही नको. थेट लॅबमध्ये सकाळी लवकर जा.

आणि नाव फुटतं कुठून, तर बहुतेक वेळा आपल्याच फोनमधून. लॅबच्या अॅपवर घरच्या सगळ्यांची एकत्र नोंद असेल, वडिलांचा नंबर दिलेला असेल, तर रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर थेट निफाडला पोचतो. स्वतःचाच नंबर दे, ‘रिपोर्ट फक्त याच नंबरवर’ असं सांग. बँक खातं आईसोबत जोडीने असेल तर रोख पैसे दे. तुझी चुलत बहीण एका लॅबमध्ये काम करते असं लिहिलं आहेस, ती लॅब सोडून दुसरी बघ. डॉक्टरांना आणि लॅबला तुझी माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, आणि एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७चा स्वतंत्र कायदा आहे. पण कायदा घडून गेल्यावर कामी येतो, ही छोटी काळजी आधी.

आता पर्समधली ती पट्टी. घेऊ नकोस. मैत्रिणीने प्रेमाने आणली, पण नमुना देण्याआधी प्रतिजैविक घेतलं तर रिपोर्टचा अर्थ लावणं अवघड होतं. उपचारानंतरही काही आठवडे मेलेल्या जिवाणूंचे अंश पीसीआरमध्ये सापडू शकतात, आणि अर्धवट औषधाने ‘घेतलं एकदा’ हे समाधान तेवढं राहतं. आज क्लॅमिडियासाठी पहिली पसंती बहुतेक ठिकाणी डॉक्सिसायक्लिनला आहे, दिवसातून दोनदा, सात दिवस. गरोदर स्त्रीला ते देत नाहीत, तिथे अॅझिथ्रोमायसिन वापरतात, तेही वेगळ्या मात्रेत. जोडीदाराला लागण निघालेली असल्यामुळे रिपोर्ट यायच्या आधीच उपचार सुरू करू, असं तुझे डॉक्टर म्हणू शकतात. ते योग्यच आहे, फक्त नमुना आधी दे. डॉक्सिसायक्लिन मिळालं तर गोळी भरपूर पाण्यासोबत घे आणि घेतल्यावर अर्धा तास तरी आडवी होऊ नकोस, नाहीतर अन्ननलिकेत जळजळतं. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या त्याच वेळी घेऊ नकोस. उन्हात जपून राहा. दोन दिवसांत बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत, आणि तुला तर त्रासच नाही, त्यामुळे सोडून द्यायचा मोह जास्त होईल.

उपचारानंतर तीन महिन्यांनी पुन्हा एकदा तपास. औषध लागू पडलं नसेल म्हणून नव्हे. पुन्हा लागण होण्याचं प्रमाण बरंच असतं म्हणून. याच फेरीत एचआयव्ही आणि सिफिलिसचीही तपासणी करून घे. शेवटच्या संबंधाला तीन महिने होऊन गेलेत, त्यामुळे आत्ताच्या रिपोर्टवर भरवसा ठेवता येईल.

तुझा तिसरा प्रश्न, त्याने फसवलं का. पॉझिटिव्ह आलं तरी रिपोर्टमधून ते कळणार नाही. लागण कधी झाली, कुणाकडून कुणाला गेली, हे कोणतीच तपासणी सांगत नाही. तुमचं नातं सुरू व्हायच्या आधीपासून कुणाच्या शरीरात तो गप्प बसलेला असू शकतो. तुझा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. काही जणींच्या शरीरातून तो उपचाराशिवायही निघून जातो. मी अशी जोडपी पाहिली आहेत, जी रिपोर्ट हातात घेऊन माझ्या खोलीतच कोर्ट भरवायची. निकाल कधीच लागला नाही, भांडण मात्र घरी गेलं. त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे तू त्याच्या वागण्यावरून ठरव. माझ्या नजरेत त्याच्या वागण्यातली एक गोष्ट ठसली : निदान झाल्यावर त्याने तुला फोन केला. दोन मिनिटांचा, तुटक, कदाचित लाजेने अर्धवट राहिलेला फोन. पण बहुतेक जण तोही करत नाहीत. जे करत नाहीत, त्यांच्या मैत्रिणींना वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही.

चौथा प्रश्न तू सगळ्यात शेवटी लिहिलास, पण झोप त्यानेच उडवलेली दिसते. क्लॅमिडिया उपचाराने पूर्ण बरा होतो. बरा झाल्यावर तो तुझ्या शरीरात राहत नाही, कुणाला लागत नाही, बाळाला जात नाही. बऱ्या झालेल्या लागणीची कबुली कुणालाही द्यायला तू बांधील नाहीस, जशी कावीळ होऊन गेल्याची नाहीस. फसवणूक कधी झाली असती? शंका असूनही न तपासता लग्नाला उभी राहिली असतीस, तर त्याच्या शरीराला धोका होता. तू तर तेच टाळण्यासाठी धडपडते आहेस.

आधी एक नातं होतं, हे सांगायचं की नाही, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याला या आजाराच्या गाठोड्यात बांधू नकोस. माझं मत विचारशील तर, ज्या माणसाला हे ऐकवलं तर तो लग्नच मोडेल अशी तुला खात्री वाटते, त्याच्याशी आयुष्य काढण्याबद्दल तू आधी दोनदा विचार कर. पण हे कांदेपोह्यांच्या पहिल्या भेटीत सांगायचं नसतं, आणि सांगण्याची सक्तीही नसते. पत्रिका जुळवताना दोन्ही घरांत जेवढा वेळ जातो, त्यातला थोडा दोघांच्या रक्त तपासणीला द्यावा, ही सूचना मात्र तू निःसंकोच कर. दोघांनी करायची तपासणी, म्हणजे कुणा एकावर संशय नाही.

हे वाचणाऱ्या मुलांसाठी दोन शब्द. लघवीच्या जागी स्राव, जळजळ, वृषणात दुखणं यांपैकी काही असेल तर थांबू नका. काही नसेल आणि जोडीदाराला निघालं असेल, तरीही तपासा. तुमच्यासाठीही पहिल्या धारेची लघवी पुरते. संबंध मुखावाटे किंवा गुदद्वारावाटे आले असतील तर ते डॉक्टरांना सांगा, कारण तिथली लागण लघवीत दिसत नाही, त्या जागेचा स्वॅब लागतो. दोघांचाही उपचार पूर्ण होऊन निदान सात दिवस जाईपर्यंत संबंध ठेवू नका. आणि रिपोर्ट आला की तिला फोन करा. तुटक का होईना, करा.

अठरा वर्षांच्या आतल्या वाचकांसाठी परिस्थिती जास्त नाजूक आहे. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार, या वयात संबंध आल्याचं समोर आलं की डॉक्टरांना ते पोलिसांना कळवावं लागतं, आणि या भीतीने मुलं दवाखान्यात जायचंच टाळतात. आजार मात्र वय बघून थांबत नाही. विश्वासाचं एखादं मोठं माणूस, मावशी, मोठी बहीण, शिक्षिका, यांना आधी सांगा आणि त्यांना सोबत घ्या. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलामुलींसाठी ‘मैत्री’ क्लिनिक आहेत, तिथे या वयाच्या प्रश्नांवर बोलायला समुपदेशक मिळतात. नाव न सांगता नुसतं विचारायचं असेल तर १०९७ हा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा निःशुल्क क्रमांक आहे. एचआयव्हीबरोबरच इतर लैंगिक आजारांबद्दलही तिथे विचारता येतं.

तुझ्याकडे पुन्हा वळते. तुझी साप्ताहिक सुटी ज्या दिवशी असेल, त्याच्या आदल्या दिवशी दोन-तीन लॅबना फोन करून ठेव. सकाळी उठल्यावर लघवीला न जाता नीघ, नमुना देऊन ये, मग चहा-मिसळ जे हवं ते खा. रिपोर्ट काहीही आला तरी तो घेऊन डॉक्टरांकडे जा, सिव्हिलला किंवा खासगीत. एकटीला जड वाटत असेल तर पट्टी आणून देणाऱ्या मैत्रिणीला सोबत घे. तुझ्यासाठी ती मेडिकलच्या काउंटरवर जाऊन उभी राहिली होती. दवाखान्याच्या बाकावर तासभर बसायला ती नाही म्हणणार नाही.